मिसराची बाग व कनानाची बाग

उपासनामंदिराच्या आवारांत थोड्या निगेची बाग करण्याविषयीं पाठ
शास्त्रभाग : अनुवाद ११:१०–१२, यशया ५:१–५, लूक १३:६–९

अनुवादाच्या अकराव्या अध्यायांत मोशे इस्राएल लोकांस दोन देशांमधील भेद सांगतो. हा भेद शेतकऱ्यास जितक्या लवकर समजतो, तितक्या लवकर तो शहरांतील विद्वानास समजत नाहीं. ज्या मिसर देशांतून ते लोक निघाले, तेथें भाजीच्या मळ्यास द्यावें त्याप्रमाणें पायानें पाणी द्यावें लागे. ज्या देशांत ते जाणार होते, तो डोंगरांचा व खोऱ्यांचा देश आकाशांतून पडणारें पाणी पिणारा होता. पायानें पाणी देणें ह्याचा अर्थ टीकाकार दोन प्रकारांनीं करितात. कित्येक म्हणतात, पायानें चालवावयाचा रहाट. कित्येक म्हणतात, पायानें मातीचा बांध फोडून एका सरीचें पाणी दुसरींत सोडणें. ज्या बंधूंनीं रात्रीच्या वेळीं उसांत उभें राहून दारें धरिलीं आहेत, त्यांस हा दुसरा अर्थ शिकवावा लागणार नाहीं. मिसराच्या मळ्यांत मनुष्याचा पाय थांबला कीं झाड वाळलें. कनानांत झाडाचा धनी निजला असला तरी झाड आपल्या मुळांनीं पीत असतें, आणि वर्षाच्या आरंभापासून अखेरीपर्यंत देवाची दृष्टि त्या भूमीवर असते असें मोशे सांगतो.

आमच्या पुष्कळ मंडळ्या सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या टापूंत आहेत. ज्या जिल्ह्यास २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणत व आतां अहिल्यानगर म्हणतात, त्या जिल्ह्यांत व त्याच्या शेजारच्या कोरडवाहू तालुक्यांत वर्षाचा पाऊस बहुधा ५०० ते ७०० मिलिमीटर असतो. तोही जून ते ऑक्टोबर ह्या पांच महिन्यांतील मोजक्या दिवसांत पडून जातो. उरलेले सात महिने झाडानें काय प्यावें, हा प्रश्न ज्यानें रोप लावण्यापूर्वीं सोडविला नाहीं, त्यानें कोणाच्या तरी डोक्यावर हंडा ठेविला आहे. हें आम्ही दुसऱ्यांस दोष देण्याकरितां लिहीत नाहीं. असा हंडा आम्हीं स्वतः एका मुलीच्या डोक्यावर ठेविला होता, आणि तें आधीं सांगितल्यावांचून पुढील पाठ देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

२०१४ च्या पावसाळ्यांत आमच्या हातीं असलेल्या एका खेडेगांवच्या मंडळीनें आपल्या जुन्या मंदिराची दुरुस्ती पुरी केली. कांहीं मित्रांनीं बागेसाठीं पैसे दिले. सेमिनरींत आम्हीं जें आवार पाहिलें होतें तेंच आमच्या डोळ्यांपुढें होतें : मध्यें हिरवळ, कडेनें गुलाबांचे वाफे, रंगीत पानांचीं क्रोटनें, कात्रीनें कापलेली मेंदी. त्या आवारास दोन पगारी माळी होते व विहिरीस बारमाही पाणी होतें, ही गोष्ट आम्ही सोयिस्करपणें विसरलों. शहरांतील रोपवाटिकेंतून शंभराहून अधिक रोपें टेम्पोनें आणिलीं, प्रार्थना केली, छायाचित्र काढिलें, आणि निगेचें काम उपदेशकांच्या कुटुंबावर सोंपविलें. सोंपविलें हा शब्दही फार मोठा आहे. कोणी करावें हें आम्हीं विचारलेंच नाहीं. ज्याचें घर मंदिरास लागून, तो करील, असें गृहीत धरिलें.

२०१५ सालीं पाऊस फसला. २०१६ च्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तें सर्वांस आठवत असेल. आमच्या त्या गांवांत चार दिवसांआड टँकर येई. तरीही गुलाब हिरवे होते, आणि भेटीस गेलों असतां आम्हीं त्यांचें कौतुकही केलें. मे महिन्यांत एका संध्याकाळीं उपदेशकांच्या पत्नीनें थोरल्या मुलीचें शाळेचें प्रगतिपुस्तक आणून आमच्यापुढें ठेविलें. हजेरीच्या रकान्यांत फेब्रुवारीपासून निम्मे दिवसही भरले नव्हते. बाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, गुलाब जगले, पण पोरीचं नववीचं वर्ष गेलं. देवाच्या घरची झाडं, वाळू कशी देऊ?" आम्हांजवळ उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवसापासून पाणी बंद करविलें. आठ-नऊ दिवसांत गुलाब, हिरवळ व क्रोटनें सारीं जळून गेलीं. आवाराच्या नैर्ऋत्येच्या कोपऱ्यांत एक कडुलिंब मात्र चैत्रांतल्या पालवीसह उभा होता. तो कोणीं लाविला नव्हता. पांखरानें टाकलेल्या निंबोळीचा तो होता, आणि त्यास आजवर कोणीं तांब्याभर पाणी घातलें नव्हतें. मुलगी पुन्हां नववीस बसली.

त्या कडुलिंबापासून आम्ही जें शिकलों तें खालीं देत आहों. थोड्या निगेची बाग म्हणजे आळशाची बाग नव्हे. नीतिसूत्रांच्या चोविसाव्या अध्यायांत ज्या आळशाच्या शेतांत कांटे माजले व ज्याची भिंत पडली, त्यानें श्रम कमी केले नव्हते, त्यानें ते आरंभींच टाळिले होते. थोड्या निगेच्या बागेंत श्रम असतात. परंतु ते पहिल्या वर्षीं फार, दुसऱ्या वर्षीं निम्मे, तिसऱ्या वर्षीं थोडे, आणि नंतर वर्षांतून चार-पांच दिवस. मिसराच्या बागेचे श्रम दरवर्षीं तेवढेच राहतात.

पहिलें काम कुदळीचें नव्हे, डोळ्यांचें आहे. एक पावसाळा आवार नुसतें पाहावें. मोठ्या सरीनंतर पाणी कोठें सांचतें, कोणत्या बाजूनें निघून जातें, माती कोठून वाहते, हें पाहून खुंट्या माराव्या. दुपारीं तीन वाजतां ऊन कोणत्या भिंतीवर येतें तें पाहावें. बहुतेक मंदिरांची पश्चिमेची भिंतच उन्हाळ्यांत तव्यासारखी तापते व संध्याकाळची उपासना असह्य करिते. माणसें कोठून चालतात तेंही पाहावें. आम्हीं एक वेळ फाटकापासून दारापर्यंत सुरेख वळणाची वाट आंखिली होती. वस्तीवरील मुलें ती सोडून सरळ वाफ्यांतून येत, आणि आम्ही त्यांस रागें भरत असूं. वास्तविक चूक मुलांची नव्हती. पायांनीं पडलेली वाट हीच खरी वाट असते. बागेनें तिला जागा द्यावी.

आतां पाण्याचा हिशेब. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर छपरावर पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. मंदिराचें छप्पर १० मीटर लांब व ६ मीटर रुंद असेल, तर तें ६० चौरस मीटर झालें. त्यावर ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३०,००० लिटर पाणी. उडून, गळून व पत्रे धुण्यांत पांचवा हिस्सा गेला असें धरिलें तरी २४,००० लिटर उरतें. १५ लिटरांच्या हंड्यानें मोजल्यास हे १,६०० हंडे होतात. इतके हंडे दरवर्षीं देव आमच्या वळचणीस आणून ठेवितो, आणि आम्ही ते ओढ्यास जाऊं देऊन टँकरची वाट पाहतों. छपराच्या कडेस पन्हळ बसवावी, पहिल्या एक-दोन सरींचें धुळीचें पाणी बाहेर सोडावें, व नंतरचें पाणी झांकणाच्या टांकींत घ्यावें. टांकी केवढी असावी? दहा रोपांस आठवड्यास एकेक हंडा, नोव्हेंबरापासून जूनपर्यंतचे तीस आठवडे, म्हणजे ४,५०० लिटर. तेव्हां ५,००० लिटरांची टांकी पहिल्या उन्हाळ्यास पुरते. टांकीचें झांकण घट्ट असावें, नाहींतर डास होतील, आणि लहान मूल आंत पडण्याचें भयही राहील.

टांकी भरून वाहणारें पाणी चराने झाडांकडे न्यावें. परंतु तें भिंतीपासून निदान दहा फूट दूर न्यावें, ही सूचना काळ्या जमिनीवरील मंडळ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावी. काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते. तिच्या ह्या श्वासानें पाया हलतो व भिंतीस तडे जातात. प्रीतिभोजनाच्या वेळीं हात धुतलेलें व भांडीं विसळलेलें पाणी एका बाजूस काढून तेथें गवती चहा, अळू किंवा एखादी केळ लावावी. ओलाव्याची हांव असलेलीं झाडें ह्या एकाच ठिकाणीं असावीं, आवारभर विखरलेलीं नसावीं.

बागेचा आराखडा कागदावर काढण्यापेक्षां जमिनीवर राखेनें किंवा चुन्याच्या फक्कीनें काढणें बरें, कारण मंडळीस तो चालून पाहतां येतो. फाटकापासून दारापर्यंतची वाट सहा फुटांपेक्षां अरुंद नसावी. नवरानवरी जोडीनें येण्यास चार फूट पुरतात. पण शवपेटी खांद्यावर घेऊन दोन्हीं बाजूंनीं माणसें चालतात तेव्हां सहा फूट लागतात, आणि त्या वेळीं कोणाचें पाऊल वाफ्यांत अडखळूं नये. जेथें लोक उपासनेनंतर उभे राहून बोलतात, तेथें हिरवळ नको; मुरूम पसरून, पाणी शिंपून, धुम्मसानें ठोकलेलें अंगण असावें. हिरवळीएवढें पाणी पिणारें व तिच्याइतकें थोडें देणारें दुसरें पीक आमच्या देशांत नसेल.

मोठें झाड मंदिराच्या पश्चिमेस किंवा नैर्ऋत्येस, भिंतीपासून वीस-पंचवीस फुटांवर लावावें, म्हणजे दुपारची सावली भिंतीवर पडेल व मुळें पायाखालीं जाणार नाहींत. वड, पिंपळ व उंबर हे थोर वृक्ष आहेत, परंतु त्यांचें बीं भिंतीच्या सांध्यांत रुजतें व मुळें चिऱ्यांस फोडितात. त्यांस ओढ्याकांठीं जागा द्यावी, मंदिराजवळ नव्हे.

यशयाच्या पांचव्या अध्यायांत द्राक्षमळ्याच्या धन्यानें जमीन खणली, धोंडे वेंचून काढिले, आणि मग वेली लाविल्या, असा कामांचा क्रम आहे. आणि पुढें मळा उजाड करावयाचा झाला तेव्हां तो कुंपण व भिंत काढीन म्हणतो, झाडें उपटीन असें म्हणत नाहीं. ज्यानें खेड्यांत झाड लाविलें आहे त्यास ह्याचें कारण विचारूं नये. कुंपण गेलें कीं बाकीचें काम शेळ्या करितात. डॉ. विल्यम केरी, ज्यांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण व १८१० सालीं मराठीचा कोश छापिला, ते सेरामपुरांत मोठी बाग राखून होते, आणि १८२० सालीं कलकत्त्यास शेती व बागाइतीची संस्था त्यांनींच उभी केली. १८२३ च्या पुरांत त्यांची बाग वाहून गेली. ती त्यांनीं पुन्हां केली. १८३४ सालीं मरणापूर्वीं आजारांत त्यांस अशी काळजी वाटे कीं, आपल्यामागें आपले सोबती बागेंत गाई सोडतील, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. इतकीं भाषांतरें केलेल्या मनुष्यास अखेरीस गाईंची काळजी लागली, हें वाचून कोणास हंसूं येईल; आम्हांस येत नाहीं.

पहिलीं दोन-तीन वर्षें बाभळीच्या व बोरीच्या वाळलेल्या कांट्यांचें कुंपण करावें, आणि त्याच्याच आंतून जिवंत कुंपण लावावें. जिवंत कुंपणास करवंद उत्तम. दीड-दोन फुटांवर दोन ओळींत, एका ओळीच्या रोपासमोर दुसरीची मोकळी जागा येईल अशीं रोपें लावावीं. तें सदा हिरवें असतें, कांटा धरितें, फळ देतें, व एकदां लागलें म्हणजे पाणी मागत नाहीं. सागरगोटाही चालतो, पण तो पसरतो व कापणारास रक्तबंबाळ करितो. शेराचें कुंपण स्वस्त पडतें, तथापि त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास फार इजा होते. जेथें शब्बाथशाळा भरते तेथें तो लावूं नये. फाटकास दोरी बांधून तिच्या टोंकास धोंडा अडकवावा, म्हणजे तें आपोआप मिटेल. "फाटक लावा" असा फलक आम्हीं लाविला होता. शेळ्यांस वाचतां येत नाहीं, आणि माणसें वाचीत नाहींत.

कुंपणाहून मोठी गोष्ट गांवाचा एकोपा आहे. ह्याच जिल्ह्यांतील राळेगणसिद्धी गांवानें १९७५ नंतर व हिवरे बाजारानें १९९० च्या सुमारापासून डोंगरउतारावर चर खणून पाणी अडविलें आणि मोकाट चराई व झाडतोड बंद केली, म्हणून तेथील उजाड माळ पुन्हां हिरवे झाले. ज्या उपदेशकांस शक्य असेल त्यांनीं मंडळींतील चार तरुणांस घेऊन तीं गांवें एकदां पाहून यावीं. पुस्तकांतून जें महिन्यांत कळत नाहीं तें एका दुपारीं कळेल.

खड्डे एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे पाऊस पडण्याच्या निदान महिनाभर आधीं घ्यावे, व तापूं द्यावे; उन्हानें किडी मरतात. मुरमाड जमिनींत तीन फूट लांब, रुंद व खोल. चांगल्या मातींत दोन फूट पुरे. वरची माती एका बाजूस व खालची दुसऱ्या बाजूस टाकावी. भरतांना वरचीच माती, दोन-तीन घमेलीं पूर्ण कुजलेलें शेणखत व ओंजळभर निंबोळी पेंड मिसळून घालावी. खत ताजें नसावें, वाळवी लागते. काळ्या चिकण मातींत थोडा मुरूम मिसळावा, म्हणजे पाणी तुंबून मूळ कुजणार नाहीं. ५ जून हा जागतिक पर्यावरणदिन म्हणून त्याच दिवशीं रोपें लावण्याची चाल सर्वत्र पडली आहे. त्या दिवशीं आमच्याकडील जमीन बहुधा कोरडीच असते, आणि समारंभाचीं रोपें समारंभासच मरतात. मृगाचा पाऊस होऊन जमीन कोपरापर्यंत ओली लागली, म्हणजे लावावें. मग तो जून असो कीं जुलै.

उतारावर रोपाच्या खालच्या अंगास अर्धचंद्रासारखा मातीचा बांध घालावा, म्हणजे वरून वाहत येणारें पाणी तेथें थांबून मुरेल. सपाट जमिनींत गोल अळें करावें. पावसाळा संपतांच, जमीन ओली असतांनाच, अळ्यांत पालापाचोळा, बाजरीचें सरमड, उसाचें पाचट किंवा भुइमुगाचीं टरफलें चार बोटें जाड पसरावीं. मात्र खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहींतर वाळवी चढते. ह्या पांघरुणानें निम्मी निगा कमी होते. तरीही दर शनिवारीं सारें आवार झाडून पानें जाळण्याची आमच्या लोकांस मोठी हौस आहे. स्वच्छ मंदिर देवास प्रिय आहे ह्यांत शंका नाहीं. पण अंगण झाडावें आणि झाडाखालचें पान झाडाखालींच राहूं द्यावें. तें झाडाचेंच अन्न आहे.

पाणी देण्यास कुंभाराचें साधें मडकें ठिबकाच्या नळ्यांपेक्षां आम्हांस सोयीचें वाटलें. नळ्या उंदीर व खारी कुरतडतात, आणि पाण्यांतील क्षारानें त्यांचीं छिद्रें बुजतात. मोठ्या शेतास त्या योग्य, दहा झाडांस नकोत. सात-आठ लिटरांचें, आंतून बाहेरून रोगण नसलेलें मडकें रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावें, भरावें व तोंडावर झांकण ठेवावें. त्याच्या अंगांतून पाणी पाझरत राहतें आणि मुळें त्याकडे जातात. एका हंड्यांत असें मडकें दोन वेळां भरतें.

झाडें निवडतांना आम्ही तीन प्रश्न विचारतों : हें तीन वर्षांनंतर पावसावर जगेल काय? शेळी ह्यास तोंड लावील काय? आणि ह्यापासून कोणास सावली, फळ, औषध किंवा फूल मिळेल काय? तिन्हीं प्रश्नांस उत्तर देणारीं झाडें थोडीं आहेत, पण आहेत. कडुलिंब व करंज सावलीकरितां. बहावा फुलांकरितां, कारण एप्रिल-मे महिन्यांत सारें रान वाळलें असतां तो पिवळ्या घोंसांनीं लवतो. सीताफळाचें पान शेळी खात नाहीं, मुरमांत तें लागतें, आणि दिवाळीच्या सुमारास शब्बाथशाळेस खाऊ देतें. बोरीस तर लावावेंही लागत नाहीं, फक्त तोडूं नये. अडुळसा खोकल्याच्या काढ्यास व कुंपणाच्या आंतल्या ओळीस उपयोगी. त्यासही जनावर शिवत नाहीं. कढीलिंब, कोरफड व पांढरा चाफा प्रत्येक आवारांत असावींच. चाफ्याची फांदी कापून आठवडाभर सावलींत सुकूं द्यावी व मग लावावी. लगेच लाविली तर ती कुजते. शेवगा वर्षांत शेंगा देतो व त्याचा पाला पौष्टिक आहे, परंतु तो शेळीचा फार आवडता, आणि दरवर्षीं छाटला नाहीं तर वाऱ्यानें मोडतो. म्हणून त्यास आम्ही थोड्या निगेचा म्हणत नाहीं, तरीही ज्या घरांत बाळंतीण आहे तेथें तो असावा असें म्हणतों.

वेदीवरच्या फुलांसाठीं तगर, गुलबक्षी व सदाफुली पुरेत. गुलबक्षी उन्हाळ्यांत जमिनीवर दिसेनाशी होते व पावसाबरोबर आपल्या कंदांतून पुन्हां उठते. सदाफुलीस शेळी खात नाहीं व पाणी न घातलें तरी ती फुलते. १९५० नंतरच्या संशोधनांत तिच्यापासून कर्करोगावरील औषधें निघालीं; पण म्हणून कोणीं तिचीं पानें चावूं नयेत, तीं विषारी आहेत. कण्हेर, बिट्टी व मोगली एरंड हींही काटक झाडें होत, परंतु तीं विषारी असल्यामुळें मुलांच्या आवारांत आम्ही लावीत नाहीं. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यांसारख्या लागतात म्हणून मुलें खातात व ओकाऱ्यांनीं बेजार होतात.

झावळ्यांच्या रविवारासाठीं एक शिंदी सांडपाण्याजवळ अवश्य लावावी. ती खजुरीची सख्खी बहीण आहे. तिच्या नांवावरून दारू ओळखली जाते म्हणून कांहीं वडील मंडळी नाक मुरडितात. तो दोष मडकें बांधणाराचा आहे, झाडाचा नव्हे.

परदेशी झाड म्हणून तें वाईट असें आम्ही मानीत नाहीं. सीताफळ अमेरिकेचें आहे, आणि सदाफुली व गुलमोहर हीं दोन्हीं मादागास्करचीं. पण गुलमोहर ठिसूळ, उथळ मुळांचा, व वादळांत फांदी टाकणारा. मंदिराच्या पत्र्याजवळ तो नको. सुबाभूळ, वेडी बाभूळ व घाणेरी हीं एकदां आलीं कीं जात नाहींत. गाजरगवत पुण्याकडे १९५० नंतरच्या दशकांत दिसलें आणि आज तें आमच्या प्रत्येक बांधावर आहे. तें फुलावर येण्यापूर्वीं, पाऊस पडून माती मऊ असतांना, हातांत पिशवी घालून मुळासकट उपटावें. त्याच्या स्पर्शानें पुष्कळांच्या अंगास खाज व फोड येतात. ज्यांस दम्याचा विकार आहे त्यांस ह्या कामास लावूं नये.

लूकाच्या तेराव्या अध्यायांतील माळी निष्फळ अंजिरासाठीं आणखी एक वर्ष मागतो, पण तें वर्ष तो नुसतें मागत नाहीं. भोंवतालची माती खणून खत घालण्याचें वचन देतो. आमच्या मंडळ्यांतून रोपांसाठीं मागणी पुष्कळ होते, वचन कोणी देत नाहीं. म्हणून आम्हीं आतां असा नियम केला आहे कीं जितकीं कुटुंबें नांव देतील तितकींच झाडें लावावयाचीं. दुसऱ्या वेळीं त्या गांवांत अकरा कुटुंबांनीं नांवें दिलीं, तेव्हां अकराच झाडें लाविलीं. प्रत्येक कुटुंबाचें एक झाड. पहिल्या उन्हाळ्यांत आठवड्यास एक हंडा, दुसऱ्यांत पंधरवड्यास, तिसऱ्यांत महिन्यास, पुढें कांहीं नाहीं. पाणी टांकींतूनच घ्यावयाचें, कोणाच्या घरच्या हंड्यांतून नाहीं. शाळेच्या वेळेंत कोणत्याही मुलानें किंवा मुलीनें पाणी घालावयाचें नाहीं, हा ठराव मंडळीच्या वहींत लिहिला आहे, आणि उपदेशकांच्या घरास एकही झाड दिलें नाहीं. त्यांची पत्नी म्हणाल्या कीं एक तरी द्या; तेव्हां त्यांस कढीलिंब दिला. अकरांपैकीं दोन झाडें मेलीं, एक वाळवीनें व एक बैलगाडीखालीं. नऊ उभीं आहेत.

फळझाडास पहिल्या दोन-तीन वर्षांत आलेलीं फळें लहान असतांच तोडून टाकावीं, म्हणजे झाडाचें बळ मुळांत राहतें. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत नव्या झाडाचें फळ तीन वर्षें खाऊं नये असा नियम आहे. त्याचा हेतु धार्मिक आहे आणि आम्ही तो केवळ बागाइताचा नियम करूं इच्छीत नाहीं. तरी ज्यानें तो पाळिला त्याचें झाड दुबळें राहिलें नसेल.

ज्या मंडळीजवळ रोपांस पैसे नाहींत तिनें थांबूं नये. निंबोळ्या जून-जुलै महिन्यांत पिकून पडतात. त्या गोळा करून, गर धुऊन, दोन-तीन दिवस सावलींत सुकवून लगेच पेराव्या; निंबोळी फार दिवस टिकत नाहीं, पुढील वर्षासाठीं ठेवलेली उगवत नाहीं. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांस तळाशीं भोंकें पाडून त्यांत माती व खत भरावें, प्रत्येकींत दोन निंबोळ्या बोटाच्या पेराएवढ्या खोल टोंचाव्या. तीन आठवड्यांच्या आंत कोंब दिसतात. हीं रोपें एक वर्ष मंदिराच्या वळचणीस सावलींत ठेवून पुढील पावसाळ्यांत लावावीं. आणि त्या वर्षभरांत खुंट्या मारून पाणी कोठें सांचतें तें पाहून घ्यावें.